मुखदर्शन

अण्णा इजिप्तमध्ये शिरले आणि सुनेत्राच्या पर्समध्ये त्यांचा फोन थरथरायला लागला.

भाषणात मोबाइल वाजला की अण्णांचं डोकं फिरतं, म्हणून व्यासपीठावर चढण्याआधी त्यांनी तो सुनेकडे दिला होता. आज त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. अंबरनाथ पूर्वेच्या ज्येष्ठ नागरिकांनी हॉल दिला होता; जेवण अण्णांचं आणि भाषणही अण्णांचंच. विषय, प्राचीन संस्कृतींची तुलना. फॅक्टरीतून ऑफिसर म्हणून रिटायर झाल्यापासून त्यांना हाच नाद. नवरा सोहम टूरवर, तेव्हा सगळी धावपळ सुनेत्राच्या गळ्यात.

ती फोन घेऊन दाराबाहेर गेली. खरवईहून दिपेश बोलत होता, अण्णांच्या थोरल्या भावाचा मुलगा. हरिचंद्रदादा पहाटे झोपेतच गेले होते, घरच्यांना उशिरा कळलं. अंग सुजलंय वहिनी, फार वेळ ठेवता येणार नाही, काकांना लगेच रिक्षात बसव, असं तो रडत रडत सांगत होता.

"सांगते," सुनेत्रा म्हणाली.

आणि ती खरंच सांगायला निघाली होती, हे मान्य करायला हवं. बाप गेल्यावर अण्णांना लहानाचं मोठं केलं ते या दादांनीच. खुर्च्यांच्या मधून ती व्यासपीठाकडे चालू लागली. अण्णा रंगात आले होते. इजिप्तवाले मेलेल्याच्या सोबतीला भाकरी आणि चपला ठेवायचे, सुमेरवाले थडग्यात मातीची नळी बसवून वरून पाणी पाजायचे, हडप्पात उशाशी मडकी असायची, हे सगळं सांगून झालं. मग त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"संस्कृती जोखायची ती इमारतींवरून नाही. मेलेल्या माणसाला घरचे निरोप कसा देतात, त्यावरून. आपल्याकडे लेक पोचल्याशिवाय आईला उचलत नाहीत. मुखदर्शनासाठी आपण मढं थांबवतो. हा जिव्हाळा तुम्हाला पिरॅमिडात सापडायचा नाही."

टाळ्या पडल्या. सुनेत्रा होती तिथेच थांबली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तिची आई गेली तेव्हाचा फोन याच माणसाने घेतला होता. आई उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. त्या दिवशी अण्णांचे मित्र घरी जेवायला होते. तिचा भाऊ तिकडे आईला ठेवून बहिणीची वाट बघत बसला आणि इकडे अण्णांनी तोंडातून ब्र काढला नाही. सुनेत्रा पुऱ्या तळत राहिली, हसून आग्रह करत राहिली. पाहुणे गेल्यावर त्यांनी सांगितलं, वर समजूतही घातली, की कळल्याशिवाय सुतक लागत नाही, भरल्या पंगतीचा विचका कशाला करायचा. उल्हासनगर म्हणजे काय सातासमुद्रापार आहे? ती पोचली तेव्हा भाऊ स्मशानातून परतून ओल्या कपड्यांनी ओट्यावर बसला होता. आईचा चेहरा तिला दिसला नाही तो नाहीच.

सुनेत्रा मागे वळली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली. फोन सायलेंट केला, पर्सची चेन ओढली. दादांचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. तिच्या आईच्या दहाव्याला सासरचं एकच माणूस आलं होतं, ते हरिचंद्रदादा. त्यांचं तोंड आता तिलाही दिसणार नव्हतं. ते तिने गिळलं.

भाषणानंतर सत्कार झाला, सत्कारानंतर लोकांची मनोगतं झाली, कोणी आवरतं घेईना. अखेर पानं मांडली. केटररची पोरं ताटात आदळतात, तूच वाढ, असं अण्णांनी तिला सांगितलं. सुनेत्राने पदर खोचला. तिला कळलं होतं, म्हणजे तिला सुतक लागलं होतं. घरच्या सुनेला पुरे दहा दिवसांचं. सुतकातल्या हाताचं पाणीसुद्धा अण्णांना चालत नाही. त्याच हाताने तिने त्यांना पुऱ्या वाढल्या, मठ्ठा दिला, श्रीखंड वाढलं. त्यांनी दुसऱ्यांदा श्रीखंड मागितलं. पातेलं आणायला ती आत गेली तेव्हा तिने फोन पाहिला. दिपेशचा मेसेज होता, उचलतोय. ती पातेलं घेऊन आली आणि डाव भरून वाढलं. नशीब काढलंत अण्णा, अशी सून मिळाली, असं शेजारचे म्हणाले. सुनेत्रा हसली. तिला बरं वाटत होतं, फार बरं, आणि त्याची लाज वाटत नव्हती.

मंडळी विडे चघळत बसली होती, तेवढ्यात भूपेश आला. दादांच्या शेजारचा, स्मशानातून थेट बाइकवर. अण्णांना सगळं माहीत आहे असंच तो धरून चालला होता. काका, दोनदा थांबवलं तुमच्यासाठी, म्हणाला, दिपेश फोन करून करून थकला, शेवटी लोक ऐकेनात. मग त्याचं लक्ष अण्णांच्या लाल ओठांकडे गेलं.

अण्णांचा विडा तोंडातच राहिला. त्यांनी भूपेशकडे पाहिलं, मग सुनेत्राच्या खांद्यावरच्या पर्सकडे.

"तुला केव्हा कळलं?"

"तुमचं इजिप्त चाललं होतं तेव्हा."

अण्णांनी विडा रुमालात काढला.

"आणि दादाला उचललं केव्हा?"

"तुम्ही दुसऱ्यांदा श्रीखंड मागितलंत ना," सुनेत्रा म्हणाली, "तेव्हा."