बारावा आवाज

तीन वर्षांत त्या रानात कुणी घुबड ऐकलं नव्हतं. प्राण्यांचे आवाज टिपायला शिकवणाऱ्या बाईंनी सुतारकाकांच्या हाती रेकॉर्डर दिला आणि त्यांनी तो झाडाला बांधला. आठवडा झाला, तरी घुबडाचा पत्ता नाही. बाई हिरमुसतील म्हणून काकांनी तिन्हीसांजेला झाडाखाली उभं राहून स्वतःच 'घूऽऽ घूऽऽ' करून घेतलं.

बाईंनी सगळ्यांसमोर रेकॉर्डिंग लावलं. "काका, हे अकरा आवाज तुमचे. मध्ये खोकलाही आलाय."

काकांनी मान खाली घातली.

"पण हा लांबून आलेला बारावा?"

काका चमकले. "आईशप्पथ, हा मी नाही!"

बाईंचे डोळे भरून आले.

"यांच्या अकराव्या हाकेलाच ओ दिली घुबडिणीनं?" मागे बसलेल्या काकू म्हणाल्या. "नवी दिसतेय बिचारी!"