ओरेस्टचं सरपण

विनिपेगमध्ये ग्लॅडिसच्या एल्म झाडाचा शेंडा जुलैतच पिवळा पडला, तेव्हा महापालिकेच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी फांदी सोलली. आत तपकिरी रेघा होत्या. "पाडावंच लागेल," त्या म्हणाल्या. एल्मचा हा रोग पसरवणारे भुंगेरे आले कुठून, हे शोधत त्या शेजारच्या हालिनाच्या परसात शिरल्या. तिथं एल्मचं सरपण रचलेलं होतं. "हे ठेवायला बंदी आहे, आजी." "माझ्या नवऱ्यानं, ओरेस्टनं मरायच्या आदल्या आठवड्यात फोडलंय. हात लावू नका!" बाईंनी त्याची साल उचकटली. खाली भुंगेऱ्यांनी कोरलेल्या वाटाच वाटा. हालिनानं मान वर करून शेजारचा पिवळा शेंडा पाहिला. सरपण तिनं स्वतःच महापालिकेच्या गाडीत भरलं, जाळायला. मग तशाच मळक्या हातांनी ती ग्लॅडिसकडे गेली. "तुझं झाड आमच्या लाकडांनी मारलं गं." ग्लॅडिस झाडाकडेच बघत होती. "ठाऊक होतं मला. पण तुझ्याकडून ओरेस्टची शेवटची लाकडं कशी मागायची?"