मागालीच्या घराचा पाद्रीनो

पहिल्याच हिसक्याला मागालीचं घर कोसळलं. नुसतं कोसळलं नाही, भिंतींचं पीठ झालं.

एर्मेलिंदाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बाकी पोरांची वेत आणि चिखलाची इवली घरं भूकंपाच्या टेबलावर अजून तग धरून होती. सायकलचं पेडल मारलं की हे टेबल गदागदा हले. पोरांनीच ते जोडलं होतं. हा प्रयोगाचा वर्ग चालू ठेवायचा की नाही, ते आज नगराध्यक्ष डॉन तेओफिलो ठरवणार होते. आणि वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीनं नेमकी आजच माती खाल्ली!

वर आपल्या घराचा पाद्रीनो व्हा म्हणून तिनं त्यांनाच गळ घातली होती. पेरूच्या या किनाऱ्यावर नव्या घराच्या छपरावर क्रूस ठेवायचा मान पाद्रीनोचा, आणि घराचं काही बरंवाईट झालं तर नाव जातं तेही त्याचंच. डॉन तेओफिलोंनी हसत हसत, फोटो काढून घेत क्रूस ठेवला होता. आता तो भुग्यात उताणा पडला होता.

"पोरांपुढं माझं हसं केलंत!" ते बाईंवर उखडले. "मी बांधलेल्या नव्या शाळेत असले पोरखेळ चालायचे नाहीत. उद्यापासून बंद!"

बाईंनी मागालीचा दंड धरला. "वेत कुठं गेला तुझा? चिखल मळायला हात झडले होते?"

"चिखल नव्हताच, बाई." पोरीचा आवाज संतापानं कापत होता. "सिमेंटचं घर होतं."

डॉन तेओफिलो खो खो हसले. "अगं येडे, सिमेंटचं असं पीठ होतं का? कुठल्या चोरानं गंडवलं तुला?"

"तेच तुम्हाला विचारायचं होतं, पाद्रीनो. या वर्गाच्या भिंतीचे तुकडे आहेत. कपाटामागून कापून काढले. चमच्यानं."

बाईंनी तिचा दंड सोडला. त्यांना आता स्वतःचाही राग आला होता, पोरीचा दंड धरल्याचा. त्या सायकलवर बसल्या आणि जीव खाऊन पेडल मारू लागल्या. टेबल गदगदलं, खालची फरशी जराशी हादरली.

डॉन तेओफिलोंनी एकदाच वर छताकडं पाहिलं, आणि पोरांना ढकलत सगळ्यांच्या आधी ते दाराबाहेर पळाले.