मुशीच्या गटातली पोर

पनवेलच्या शाळेत अरुंधतीबाईंनी पाचवीचे गट पाडले. प्रत्येक गटाला चिन्ह म्हणून एकेक प्राणी दिला आणि तो जपायची जबाबदारीही दिली. प्रांजलच्या गटाला आली मुशी, म्हणजे आपला छोटा शार्क.

महिन्याभरात प्रांजलची आई, बाजारात मासे विकणारी गुणाबाई, पाटी घेऊन थेट वर्गाच्या दारात उभी राहिली.

"ही पोर मला मुशी इकू देत नाय! काल तर गिऱ्हाइकाच्या पिशवीतनं परत काढली. म्हनते, ती आमच्या गटातली हाय!"

"मग?" बाई चाचरल्या.

"मग काय, मुशी इकायचं सोडलं मी," गुणाबाई खुदकन हसली. "पन बाई, हात जोडते, पुढच्या वर्षाला हिला पापलेटाच्या गटात नका टाकू!"