हिरवी खूण

निवृत्त ग्रंथपालाने चार महिने खपून सहाशे सीडी संगणकात उतरवल्या, आवाजात तसूभरही घट न करता. संगणक प्रत्येक नक्कल जगभरच्या रसिकांनी केलेल्या त्याच सीडीच्या नकलांशी ताडून बघायचा. जुळली की हिरवी खूण, नाही तर लाल. पठ्ठ्याने लालवाल्या सदोष ठरवून त्यांच्या नकला संगणकातून काढून टाकल्या आणि सीडी बिनदिक्कत भंगारात दिल्या. आज बायकोने त्याच्यापुढे रिकामी डबी ठेवली. आत तिच्या अक्षरातली गाण्यांची यादी होती. “यातली सीडी?” घशाच्या ऑपरेशनपासून तिचा आवाज फाटकाच होता. “ती बिननावाची? तीनदा पुसून लावली, जगात कुणाशीच जुळेना.” “जुळणार कशी? ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी गाऊन ठेवलं होतं. एकच होती.” त्याने यादी पुन्हा वाचली. “वाजवून तरी पाहिलीत?” सहाशेतली एकही त्याने ऐकली नव्हती. “असू द्या,” ती म्हणाली, “आता सगळं हिरवं आहे ना?”