बैठकीतली यंत्रं

पेनरोजच्या फॅक्टरीत उजव्या हाताची दोन बोटं गेली, तरी विभावरीने पेटीची साथ सोडली नाही. तिने लॅपटॉपवर प्लगइन टाकलं. राग निवडून लॅपटॉपला जोडलेल्या कीबोर्डची एक पट्टी दाबली, की हाताला न जमणारी तान ते वाजवून द्यायचं.

न्यू लिनच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची मैफल सुरू होणार, तोच गायला बसलेले रमणबुवा सगळ्यांदेखत कडाडले, "हे काय थेर? माझ्या बैठकीत यंत्रं चालणार नाहीत. बंद कर!"

"सगळी, बुवा?"

"सगळी म्हणजे सगळी!"

विभावरीने लॅपटॉप मिटला.

 

मग पुढे वाकून बुवांच्या मांडीशी ठेवलेल्या फोनवरचा तानपुराही बंद केला.