पक्षकार कोण?

एकही दिवा लागला नाही.

हेमचंद्रनं पुन्हा एकदा वडिलांचा डावा हात धरून बोट बटनांवरून फिरवलं. समोर त्यानं स्वतः केलेली फळी टांगली होती. सागवानी चौकट, तांबडे-हिरवे दिवे आणि प्रत्येक दिव्याखाली सुबक अक्षरांत एकेक शब्द: पाणी, चहा, पंखा, उशी, डॉक्टर. हवं ते बटन दाबायचं, की तो दिवा लागलाच. अकोल्याला इंजिनिअर असलेल्या लेकानं रजा काढून, जीव ओतून केलेलं काम होतं ते. बापूसाहेबांनी फळीकडे एकदा पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली.

अमरावतीच्या कोर्टात ज्यांच्या आवाजानं साक्षीदाराला घाम फुटायचा, त्या बापूसाहेब वकिलांची वाचा अर्धांगाच्या झटक्यानं गेली होती. उजवी बाजूही गेली. डाव्या हातात पेन्सिल दिली तर नुसत्या रेघोट्या उमटल्या. भेटायला येणारे आता त्यांच्यासमोरच हळहळायचे, की वाचेबरोबर बुद्धीही गेली बिचाऱ्यांची. हेमचंद्रला तीच धास्ती होती. एक दिवा लागला असता तरी बाबा आत जागे आहेत, एवढं कळलं असतं.

"आणखी दोन दिवे लावतो," तो आईला म्हणाला. "दूध राहिलं. अन् चादर."

अनसूयाबाई पेजेची वाटी घेऊन पलंगाशी बसल्या होत्या. नवरा नाकावर माशी बसू न देणारा. उभ्या जन्मात त्यानं बायकोला आपलं धोतरही धुऊ दिलं नव्हतं. आता त्या त्याला पुसत होत्या, कूस बदलत होत्या, घास भरवत होत्या, आणि प्रत्येक घासाला तो मान वळवत होता. माझ्यावर रागावले आहेत, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बोलायचं कोणाजवळ?

"हेमा, हे तू कोणासाठी करून राहिला रे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय? बाबांसाठी."

"मग हे झाल्यावर काय व्हायला पाहिजे?"

"बटन दाबलं की तार जुळते, अन्—"

"तारेचं नाही विचारून राहिली मी. त्यांचं काय व्हायला पाहिजे? पक्षकार कोण, तू का ते?"

हेमचंद्रनं हातातली तार खाली ठेवली. प्रश्न आईचा नव्हताच, बाबांचा होता. भातकुलीकडचा कोणी शेतकरी दावा घेऊन आला, की आजोबांनी कोरलेल्या बांधापासून सुरुवात करायचा. बापूसाहेब हात वर करायचे. "ते राहू दे बापा. निकालाच्या दिवशी घरी जातानी तुले काय झालेलं पायजे, ते सांग आधी. कागद मंग करू." त्याचं उत्तर मिळेपर्यंत ते दौतीचं टोपण काढत नसत.

त्यानं फळीकडे पाहिलं. पाणी, चहा, उशी. यातलं बाबांना काय कमी पडत होतं? मागायच्या आधीच सगळं पुढ्यात येत होतं. कमी होतं ते वेगळंच. कधी खायचं, कधी झोपायचं, कोणी भेटायचं, सगळं दुसरेच ठरवत होते. आणि हा माणूस साऱ्या कोर्टात प्रसिद्ध कशासाठी होता? टेबलावर बोट आपटून "हरकत आहे!" म्हणण्यासाठी. न्यायाधीशही गमतीनं म्हणायचे, वकीलसाहेब गप्प बसले म्हणजे मान्य आहे असं समजा.

हेमचंद्रनं फळी उतरवली. पुढच्या दारावरची विजेची घंटा काढून आणली, तार ओढली आणि तिचं एकच बटन बापूसाहेबांच्या डाव्या बोटाखाली ठेवलं.

"बाबा, हे हरकतीचं. मान्य नसेल तर दाबा. मान्य असेल तर नेहमीसारखं गप्प राहा."

अनसूयाबाईंनी चमचा पुढे केला. "पेज घेता ना?"

ट्रिंग!

वाटी हातातून पडायचीच राहिली. हेमचंद्र पुढे सरकला. "बरं, माझी फळी तरी चांगली झाली होती ना?"

ट्रिंग!

"पुढच्या आठवड्यात तुम्हाला अकोल्याला नेतो. माझ्याजवळ राहा."

घंटा वाजली ती थांबेचना. पोस्टमन आला की काय म्हणून शेजारीण दारात येऊन पाहून गेली. मायलेकांचा जीव भांड्यात पडला. हेमचंद्र हसत होता आणि डोळेही पुसत होता. मनात पाल मात्र चुकचुकलीच: बाबा समजून वाजवताहेत, की हाताला नुसता चाळा लागलाय?

अनसूयाबाई हसत नव्हत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली, पदर सावरला. विचारू की नको, असं त्यांचं बराच वेळ चाललं होतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मी तुम्हाला लेकरासारखी पुसते, भरवते. तुम्हाला कोणी हात लावलेला खपत नसे. खरं सांगा. माझी चाकरी घ्यायला तुमची हरकत आहे?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. घंटा वाजेल म्हणून वाट पाहत राहिल्या.

काहीच ऐकू येईना. तार सुटली असेल म्हणून हेमचंद्रनं घाईघाईनं वाकून पाहिलं. तार शाबूत होती. बापूसाहेबांनीच बटनावरचं बोट काढून घेतलं होतं.